साडेसहा हजार केल्विन

घरात सगळं मलाच विचारतात. औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय, बँकेचा मेसेज खरा की खोटा, फॉर्मवर सही कुठे करायची. घरात म्हणजे सध्या फक्त पप्पा. आई वर्षभर गावी, आजारी आजीपाशी आहे. सानपाड्याच्या खोलीत आम्ही दोघंच. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली, त्यातून फिजिक्स घेतलेली, त्यामुळे मला सगळं माहीत असणार असं पप्पा धरून चालतात. वर्गातल्या मुलींची वाक्यं ‘माझे बाबा म्हणाले’ अशी सुरू होतात. मला काही माहीत नसलं की मी कुणाला विचारायचं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. बहुतेक वेळा मी गप्प बसते.

पप्पा गाडी चालवतात. पहाटे पाचला तळोज्याच्या एका कारखान्यातल्या पहिल्या पाळीचे पाच कामगार घेऊन निघतात, दुपारी त्यांना परत आणतात. दिवाळीनंतर गाडीचा डावा हेडलाइट गेला. पप्पा म्हणाले, “दोन्ही बदलून टाकू. आता सगळे एलईडी लावतात. तू चल, रंग तू सांग.”

वाशीच्या दुकानदाराने काउंटरवर तीन डबे मांडले. तीन हजार के, त्रेचाळीसशे के, साडेसहा हजार के.

“पिवळा, मधला आणि पांढरा,” तो म्हणाला. “पोरं पांढराच नेतात. समोरच्याला वाटतं, विमान उतरतंय.”

“थांबा हो,” पप्पा म्हणाले. “आमची मुलगी फिजिक्स करते. ती सांगंल.”

दुकानातली आणखी दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली.

के म्हणजे केल्विन, तापमानाचं एकक, एवढं मला माहीत होतं. ते बल्बच्या डब्यावर काय करतंय, हे माहीत नव्हतं. मोबाइल काढून बघता आलं असतं. पण पप्पांचा चेहरा असा होता की मला मोबाइलला हात लावावासा वाटला नाही. आणि आमच्याकडे मोठा आकडा म्हणजे चांगला, हेच चालत आलंय. माझे दहावीचे टक्के गावात ज्या आवाजात सांगितले गेले, तो आवाज मला अजून आठवतो.

“साडेसहा हजार,” मी म्हटलं.

“का?” दुकानदाराने सहज विचारलं.

“उजेड जास्त पडतो.”

त्या संध्याकाळी पप्पांनी कंपाउंडच्या भिंतीवर लाइट मारली. भिंतीचे पोपडेसुद्धा मोजता येत होते. “दुपार झाली की गं माय!” ते म्हणाले आणि दोनदा बंद-चालू करून बघितलं.

मग पप्पा पाचच्या ऐवजी साडेचारलाच निघायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, “आरामात जावं.” आरशाखालच्या फळीवर डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बाटली दिसू लागली. तिच्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, “धूळ जाते.” मी पुन्हा वहीत डोकं घातलं. आम्ही दोघं एका खोलीत राहतो, पण बोलणं डबा आणि चावी एवढंच होतं.

जानेवारीत माझ्या प्रॅक्टिकल परीक्षेचं केंद्र पनवेलला आलं. “माझ्यासंगं चल,” पप्पा म्हणाले, “माणसं उतरवून तुला सोडतो.” त्या दिवशी मी पहिल्यांदा पहाटे त्यांच्या शेजारी बसले.

कळंबोली सोडल्यावर धुकं लागलं. त्यात कारखान्यांचा धूर. आमच्या दिव्यांचा उजेड त्या धुक्यात शिरेना, उलट तिथेच थटून आमच्याकडे परत येत होता. समोर नुसता पांढरा पडदा. पप्पा स्टिअरिंगवर इतके वाकले होते की त्यांचं कपाळ काचेला लागेल असं वाटत होतं. थोड्या वेळाने त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबले.

“काय झालं?” मी घाबरून विचारलं.

मागून एक कामगार म्हणाला, “काय नाय ताई, पावना यायचाय.”

“कोण पाहुणा?”

“टँकर. तो पुढे गेला की त्याच्या लाल दिव्यांच्या मागं मागं जायाचं. रोजचाच हाय.” मग तो पप्पांना म्हणाला, “भाऊ, तुमच्या नव्या लायटीत धुकं लय भारी दिसतं. रस्ता तेवढा दिसत नाय!”

मागचे सगळे हसले.

“गप बसा रे,” पप्पा म्हणाले. “लाइट चांगली हाय. पोरीनं बघून घेतलीय.”

टँकर आला. त्याचे दोन लाल ठिपके धरून आम्ही तळोज्यापर्यंत गेलो. वाटेत मी पप्पांकडे पाहिलंच नाही.

कामगार उतरले, गाडीत आम्ही दोघंच राहिलो. उजाडायला लागलं होतं. मी म्हटलं, “पप्पा, तुम्हाला दिसत नाही ना?”

त्यांनी हेडलाइट बंद केले. मग म्हणाले, “आईला सांगू नको. डोळे गेलेत माझे. तपासायला गेलो आन् डॉक्टरनं गाडी बंद कर म्हटलं, तर तुझं कॉलेज कसं व्हायचं?”

दोन महिने ते हे मनात घेऊन त्या टँकरची वाट बघत थांबत होते. बल्ब चुकला असेल, असं एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

“डोळे नाही गेले, पप्पा. मला पण काही दिसलं नाही.” “बल्बच चुकलाय. मला माहीत नव्हतं. मी अंदाजाने सांगितलं.”

“अंदाजानं?”

“हो.”

त्यांनी गिअर टाकला. पनवेलला मी उतरताना फक्त म्हणाले, “पेपर नीट लिव्ह.” ते प्रॅक्टिकल होतं.

परीक्षेला वेळ होता. कॉलेजच्या पायरीवर बसून मी मोबाइलवर वाचलं. तो आकडा उजेड किती ते सांगतच नाही, फक्त रंग सांगतो. आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा, मग निळसर. आणि तसा उजेड धुक्यात, पावसात डोळ्यांवर येतो. पाच मिनिटांचं वाचन होतं.

शनिवारी दिवेलागणीला आम्ही पुन्हा वाशीच्या दुकानात गेलो.

“आता कुठला देऊ मॅडम?” दुकानदार म्हणाला.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. पप्पांसमोर हे मी पहिल्यांदाच म्हणत होते, आणि कान गरम झाले होते. “लावून दाखवाल का?”

त्याने एका बाजूला तीन हजारचा लावला, दुसऱ्या बाजूला त्रेचाळीसशेचा. पप्पांनी त्याच्याकडून बादली मागून घेतली आणि समोरच्या डांबरावर पाणी ओतलं. ओल्या रस्त्यावरच कळतं, म्हणाले. ते गाडीत जाऊन बसले. मी एक पुठ्ठा घेऊन आधी हा दिवा झाकला, मग तो. काचेतून त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. मी नुसती पुठ्ठा इकडून तिकडे करत राहिले.

“हा,” शेवटी ते खिडकीतून म्हणाले. “मधला. ह्यात डांबर काळं दिसतंय.”

आता ते पुन्हा पाचला निघतात. परवा धुकं होतं. दुपारी आल्यावर मी विचारलं, “थांबावं लागलं का?” “नाही,” म्हणाले. मी म्हटलं, तरी एकदा डोळे तपासून घ्या. “घेऊ,” म्हणाले, आणि तो विषय तिथेच राहिला.

ते खरं सांगतात की मला बरं वाटावं म्हणून सांगतात, हे मला कळत नाही. पाचला दार ओढल्याचा आवाज येतो, मग गाडीचा. मी उठते, फळीवरची थेंबांची बाटली दिव्यासमोर धरते आणि किती उरलंय ते बघते. बल्ब बदलला त्या शनिवारी तिच्यावर पेनाने एक बारीक रेघ मारून ठेवली होती. आज आठवा दिवस. औषध अजून रेघेवरच आहे.