खाली गोऱ्हा असलेली गाय

आमच्या सोसायटीची चेअरमन माझी सासू आणि सचिव मी. घरात जिच्या हाताखाली राबायचं, सोसायटीतही तिच्याच हाताखाली. सुटका कुठंच नाही. त्या दुष्काळात पालीचं धरण तळाला गेलं होतं, जनावरं चारा छावणीत होती आणि आम्ही बायका कोंबड्यांच्या सोसायटीवर तग धरून होतो. उबवणीच्या यंत्रातून निम्मे नर निघायचे. नर खातो तेवढंच आणि अंडं काही देत नाही, म्हणून सासूबाईंचा लई जीव जळायचा.

त्याच दिवसांत मला तिसऱ्यांदा दिवस गेले. पदरात दोन मुली होत्या. सासूबाईंनी केजहून मुलग्याच्या औषधाच्या तीन पुड्या आणल्या. सूर्याकडं तोंड करून, दाताला न लावता, खाली गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, असलेल्या गाईच्या दुधातून तीन सकाळी घ्यायच्या. तशी गाय शोधायला त्या स्वतः छावणीत गेल्या. पहिली पुडी मी मुकाट्यानं घेतली. मुलगा झाला तर बरंच, असं मलाही वाटत होतं. खोटं कावून बोलू?

त्याच दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई सोसायटीत आल्या. सासूबाईंनी विचारलं, "म्याडम, अंड्यातून समद्या माद्याच निघतील असं काही औषध न्हाई का?"

बाईंनी उबवणीतलं एक अंडं फोडून दाखवलं. "नर की मादी ते अंडं घालायच्या आधीच ठरतं. कोंबड्यांत आईकडून, माणसांत बापाकडून. पुढं मादी पिल्लाच्या अंगातलं हार्मोन तिचं डावीकडचं अंडाशय घडवतं. तेच हार्मोन आपण बाहेरून अंड्यात सोडलं, तर नराच्या पोटातही अंडाशयासारखं काहीतरी होतं. पण तो अंडी घालत नाही. मूळचा नर तो नरच राहतो, शरीर तेवढं बिघडतं."

"मग नकोच बाई," सासूबाई म्हणाल्या. "पिल्लाचे हाल कशाला?"

मला सकाळची पुडी आठवली. बाई निघाल्या तशी मी त्यांच्या गाडीपर्यंत गेले आणि पुड्यांचं हळूच विचारलं.

"त्यात काय असतं ते कुणालाच माहीत नसतं," त्या म्हणाल्या. "कधी हार्मोनही असतात. त्यानं मुलगा होत नाही, बाळाला मात्र धोका असतो. घेऊ नका."

घेऊ नका म्हणायला त्यांचं काय जात होतं? दुसऱ्या सकाळी सासूबाई पेला घेऊन पुढ्यात उभ्या.

"आत्याबाई, काल त्या बाई काय म्हणाल्या ते तुमीच ऐकलं."

"ते कोंबडीचं हाय. गिळ."

नवऱ्याकडं बघितलं, तो दात घासत होता. दूध सांडावं तर कोरड्या मातीवर पांढरा डाग दिसणार. तोंडात धरावं तर त्या मुद्दाम बोलतं करणार. मी प्याले. तिसरीही प्याले. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

पुढचे सात महिने मी एकच मागत होते: काहीही होऊ दे, धड होऊ दे.

मुलगी झाली. मी दुपटं सोडून तिची बोटं, टाळू, पाय, सगळं बघितलं. धड होती. मला रडू फुटलं ते थांबेचना. शेजारच्या खाटांवरच्या बाया समजूत घालायला लागल्या. मी सुखानं रडतेय, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

सासूबाई जवळ बसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "छावणीतल्या गाईच्या दुधात कस न्हवता. पुढच्या बारीला चांगली गाय बघू."