मावशीचं येलदरी राहिलं

माझी मावशी आज पहाटे गेली, आणि मी तिला दिलेला शब्द पाळला नव्हता.

हे आधी लिहून टाकतो. नाहीतर बाकीचं लिहिताना मी चांगला भाचा वाटायला लागेन.

मावशीचे मालक, म्हणजे आमचे काका, फौजेत हवालदार होते, ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्यांनी लिलावातून एक जुनी मिलिटरी जीप आणली.

लेफ्ट हँड ड्राइव्ह. दारं नाहीत, वर कॅनव्हास. काकांनी तिला निळा रंग दिला, पण जिथं खरचटायची तिथं खालचा फौजी हिरवा दिसायचा.

सेलू तालुक्यातलं आमचं गाव काळ्या रानातलं. पावसाळ्यात चिखलात बैलगाडीसुद्धा फसायची. तेव्हा फक्त काकांची जीप बाहेर पडायची. चारही चाकांना जोर होता तिच्या.

मग काय, सगळ्या गावाची झाली ती. 

पेशंट सेलूला न्यायचा, बोलवा हवालदाराला. नवरदेव मिरवायचा, बोलवा हवालदाराला. इलेक्शनच्या पेट्या, सरकीची पोती, शाळा तपासायला आलेले साहेब. एका सुगीत तर काकांनी मागचं चाक जॅकवर उचललं, त्यावर पट्टा चढवून मळणीयंत्र फिरवलं आणि ज्वारीची मळणी केली.

मावशी कुठं जायची असली तर मागच्या बाकड्यावर. पुढं कायम दुसरं कुणीतरी. पेशंट, नवरदेव, साहेब, नाहीतर सासरे.

काका दरवर्षी म्हणायचे, "यंदा सुगी झाली की तुला येलदरीचं धरण दावतो. आपण दोघंच जाऊ. तू पुढं बस."

ती म्हणायची, "बरं."

चाळीस वर्षं "बरं."

काका गेले तेव्हा जीप लिंबाखाली उभी होती. वर्षभर तशीच राहिली. कोंबड्या बसायच्या तिच्यात.

एक दिवस मावशीनं मला विचारलं, "सुरू होती का रे ती?"

मी मेकॅनिक आणला. कार्बोरेटर साफ केला, नवी बॅटरी टाकली. दोन दिवस लागले, पण झाली सुरू. मावशी उंबऱ्यात उभी राहून नुसता आवाज ऐकत होती.

म्हणाली, "ऐतवारी येलदरीला जायचं का?"

रविवारी सकाळी ती ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून तयार. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे बांधून घेतलेले. मी हात दिला, पण ती स्वतःच चढली. पुढच्या सीटवर.

स्टेअरिंग डावीकडं, माझ्यापुढं. ती उजवीकडं. समोरून येणाऱ्या लोकांना वाटायचं म्हातारीच गाडी चालवायलीय. एका पोरानं तर सायकल थांबवून बघितलं. 

मावशी इतकी हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. 

देवगाव फाट्याच्या अलीकडं एक ॲटो बंद पडला होता. शेजारी दिवस भरलेली एक पोरगी रस्त्यातच बसलेली, आणि तिची सासू हात करत होती.

मी गाडी थांबवली. सासू म्हणाली, "दादा, सेलूला सोडा. कळा यायल्यात तिला. बाकड्यावर न्हाई बसता यायचं." मग मावशीकडं बघून, "आजी, जरा मागं बसता का?"



मावशी समोर जिंतूरकडं, येलदरीला जाणाऱ्या रस्त्याकडं बघत राहिली. पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला. सोडेना.

किती वेळ असेल? दहा-पंधरा सेकंद. मला फार लांब वाटले.

मग उतरली. पोरीला धरून पुढं बसवलं. स्वतः मागं गेली आणि सेलूपर्यंत मागून दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून राहिली. "झालंच बाई, आलंच आता," म्हणत.

दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण बरी.

आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली. दुपार कलली होती. मावशी म्हणाली, "आता कुठं जायचं. ऱ्हाऊ दे."

मी म्हणालो, "पुढच्या ऐतवारी नक्की."

ती म्हणाली, "मला उतरू वाटत नव्हतं रे. त्या पोरीचा राग आला मला."

"मग?"

"मग काय. उतरले."

इतकी वर्षं गाव तिला देवमाणूस म्हणत होतं. त्या ओट्यावर पहिल्यांदा मला कळलं की दरवेळी मागं जाताना तिला काय वाटत असेल.

पुढच्या रविवारी आमच्या शाळेत शिक्षकांची मीटिंग निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी एक लग्न. मग पाऊस लागला. मग जीपचा गिअरबॉक्स गेला आणि पार्ट कुठंच मिळेना.

शेवटी मावसभावानं ती जुन्या गाड्यांचा शौक असलेल्या एका माणसाला दिली. क्रेननं उचलून ट्रकवर ठेवली. मावशीनं त्या माणसाला एवढंच विचारलं, "सीटा ह्याच ठेवता का बदलता?"

तो म्हणाला, "सगळं नवीन करणार, आजी."

ती म्हणाली, "बरं."

नंतर मी कार घेतली. कितीदा म्हणालो, मावशी, चल येलदरीला, एसी आहे, पुढं बस. तिनं एकदाच गाडीवरून हात फिरवला. "लय चांगली हाय गाडी. पण न्हाई."

मला कारण विचारायची हिंमत झाली नाही. 

आज दुपारी चार वाजता शेतात, काकांच्या शेजारी तिला निरोप देणार आहोत. ओळखणाऱ्यांनी यावं.

दीड तासाचा रस्ता होता, मावशी. मला एक रविवार काढता आला नाही.

जा सावकाश. जमलं तर माफ कर.