पायांतली चाल

ह्यांना जाऊन सहा महिने झाले होते आणि माझी प्रार्थना आटली होती. मी वसईची, जन्माने कॅथलिक. पण रोजरी हातात घेतली की पहिल्याच मण्यावर बोट अडायचं. "देवा" म्हटलं की पुढे शब्द सुचत नसत, राग तेवढा यायचा. तरी दर रविवारी इथे परदेशात, एडमंटनमधल्या एका छोट्या ल्युथरन, म्हणजे माझ्या पंथाच्या नसलेल्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला जात होते, कारण त्यांना दुसरं कोणी मिळत नव्हतं. त्या रविवारी मात्र ठरवूनच निघाले, की आज शेवटचं. ज्याच्याशी बोलणं होत नाही त्याच्या दारात वाजवायचं, हे मला ढोंग वाटू लागलं होतं.

ल्युथरन भक्तिगीतांच्या चालींवर तीनशे वर्षांपूर्वीच्या, बारोक काळातल्या जर्मन संगीतकारांनी ऑर्गनसाठी रचना केल्या, त्यांतली एक मी निवडली होती. ती वाजवून झाली की तेच गीत सगळे गातात. अशा काही रचनांत दोन्ही हात नुसती नक्षी विणतात आणि मूळ चाल पायांकडे असते, संथ, लांब सुरांत. पण पायांखालच्या पट्ट्या वाजायला हव्यात तर बाजूची एक मूठ आधी ओढावी लागते. अठरा वर्षं ती मूठ हेच ओढत आले. ह्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नसे, पण ते काम चोख! ह्यांच्यानंतर चर्चमधल्या दोघा-तिघांनी मदतीचं विचारलं, त्यांना मी वाटेला लावलं. माझ्या ऑर्गनला परका हात मला खपत नाही. मूठ मीच आधी ओढून ठेवू लागले.

हात सुरू झाले. चालीची जागा आली, पाय टेकवला, आणि आवाजच नाही. मूठ ओढायची राहिली होती. दोन्ही हात गुंतलेले. थांबावं तर सगळंच कोसळणार. मी मुक्या पट्ट्या दाबत राहिले आणि डोळ्यांना धारा लागल्या. ह्यांची जागा इतकी रिकामी मला घरातही वाटली नव्हती.

तेवढ्यात मागून एक म्हातारा, चिरका आवाज आला. नेमकी तीच चाल, जर्मनमध्ये, माझ्या पायांच्या गतीने. दुसऱ्या ओळीला आणखी चौघं मिळाली, शेवटच्या ओळीला सगळं चर्च गात होतं.

उपासना संपल्यावर एक आजीबाई वॉकर ढकलत माझ्यापाशी आल्या. पहिला आवाज त्यांचाच होता. मी सॉरी म्हणू लागले तर त्याच गोंधळल्या.

"सॉरी? व्हाय? आय थॉट यू लेफ्ट दॅट पार्ट फॉर अस."

त्यांना ते कोणी सुचवलं, यावर मी वाद घालणार नाही. चूक माझी होती, एवढं खरं. पण माझ्याकडून राहिलेलं कोणीतरी उचललं, आणि मी फक्त वाजवत राहिले होते. वाजवणं सोडायचा विचार मी सोडून दिला.

सगळे गेल्यावर तिथेच बसून म्हटलं, "हे आमच्या स्वर्गातील बापा." दुसऱ्या ओळीवर अडले, पुढे जाता येईना. या वेळी राग आला नाही, आभारच मानावेसे वाटले. उरलेली प्रार्थना मी त्याच्यावर सोडली. त्याला ती पाठ आहे.