दार लावण्याआधी

चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती, बॉनेटवर झेंडूचा हार होता, डिकीत आणि टपावर आमचं बिऱ्हाड कोंबून भरलं होतं, तरी आपण खरंच निघतोय यावर माझा विश्वास बसत नव्हता. वाडीतल्या तुम्ही सगळ्याजणी दारात उभ्या होता. कुणी डोळ्यांना पदर लावत होतं, कुणी गाडीच्या पांढऱ्या पत्र्यावरून हात फिरवत होतं. माझी आई खास निरोप द्यायला आली होती. ओटी भरताना ती एवढंच म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आन रडू नगंस, गाडी नवी हाय." नव्या गाडीचा आणि न रडण्याचा काय संबंध ते मला अजूनही कळलेलं नाही, पण मी रडले नाही.

विश्वास का बसत नव्हता, ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून माझे मालक, आमच्या पिऊचे पप्पा, तिकडे तमिळनाडूत सेलमला आणि मी इकडे आटपाडीजवळच्या आपल्या वाडीत. आपल्या भागातली निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम, त्यातलेच हे एक. दिवाळीला आणि जत्रेला घरी यायचे. रात्री व्हिडिओ कॉलवर पिऊला झोपवायचे, मग मी फोन ठेवून दाराला कडी लावायचे. त्या कडीचा मला फार राग यायचा. मला तिकडे न्यायचं दर वेळी ठरायचं आणि दर वेळी मोडायचं. एकदा मामा, म्हणजे माझे सासरे, अंथरुणाला खिळले. एकदा पिऊच्या वेळी दिवस गेले. "महिन्यानं बघू" असं कुणीतरी म्हणायचं आणि भरलेल्या बॅगा मी मुकाट्याने सोडायचे.

मग मामा गेले. आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, वाडीत एकटं ठेवणं शक्य नव्हतं. पप्पांनी सांगलीहून नवी गाडी घेतली, चौघांनीही रस्त्यानंच जायचं असं जाहीर केलं. आत्याबाई हो म्हणाल्या, पण मनातून नव्हत्या.

मुलूख सोडायच्या आधी लेकीच्या घरचं पाणी प्यायचं, हा त्यांचा हट्ट. म्हणून आम्ही आधी उंब्रजला, माझ्या नणंदेकडे, अक्कांकडे, मुक्कामाला आलो. त्या सकाळी अक्का आत आमचा डबा भरत होत्या, त्यामुळे नेमकं काय झालं ते त्यांनीही पाहिलं नाही. ते सांगते.

पप्पा मागच्या सीटवर पिऊला बसवत होते. उजव्या हाताने त्यांनी दोन दारांमधला खांब धरला होता. आत्याबाई पुढच्या दारापाशी होत्या. आपल्याकडच्या वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपची दारं कशी असतात? अंगातला सगळा जोर लावून आपटल्याशिवाय लागतच नाहीत. आत्याबाईंनी जन्मभर तेवढीच गाडी पाहिलेली. त्यांनी आपल्या सवयीने दार धरलं आणि आपटलं. पप्पांचा आवाज ऐकून अक्का धावत बाहेर आल्या.

डॉक्टरकडून ते परत आले तेव्हा हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होता. दोन बोटं मोडली होती. आईशी ते एक शब्द बोलले नाहीत. आत्याबाई पायरीवर बसून होत्या. "मेंढरांची वाघर लावताना कवा इचारल्याबिगर लावली न्हाई," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. मेंढरं कोंडायच्या जाळीला त्या वाघर म्हणतात. पूर्वी मेंढरं घेऊन फिरताना रानात तळ पडला की संध्याकाळी ती लावायचं काम त्यांचं असे, आणि लावण्याआधी त्या ओरडून विचारत, "समदी आत हाय का?" लग्नानंतर ही गोष्ट मी त्यांच्याकडून कितीदा ऐकली असेल. "आन इथं पोटच्या पोराचा हात बघितला न्हाई. मला यष्टीत बसवा. मी जाते माघारी."

दाजींनी, म्हणजे अक्कांच्या मालकांनी, ड्रायव्हरसाठी चार फोन केले. लग्नसराई होती, एवढ्या लांब यायला कुणी मोकळं नव्हतं. दाजी फौजेतले, निर्णय द्यायची सवय. ते म्हणाले, "गाडी हितंच ऱ्हाऊ दे. तुमी वाडीला जावा. महिन्यानं बघू."

महिन्यानं बघू. हा महिना मी ओळखत होते. पिऊ गाडीच्या काचेला नाक लावून आत बसली होती, प्रवास मोडतोय हे तिला अजून कळलं नव्हतं. आज ही गाडी मागे वळली तर मी पुन्हा त्या कडीपाशी जाणार होते आणि या वेळी कदाचित कायमची.

मी पर्समधून लायसन काढलं. विट्याला ड्रायव्हिंगच्या क्लासला पप्पांनीच मला घातलं होतं, "शिकून ठेव, उपयोगी पडंल" म्हणून. क्लासच्या पोचे पडलेल्या गाडीवर मी शिकले होते आणि ही नवी गाडी वाडीच्या रस्त्याला दोनदा चालवली होती. "मी चालवते," मी म्हणाले.

दाजी हसले. "वहिनी, ह्यो हायवे हाय. वाडीचा रस्ता न्हवं."

"नको," पप्पा म्हणाले. "म्होरं तवंदीचा घाट हाय. कंटेनर असत्यात. पोरगी हाय गाडीत."

त्यांचं चूक नव्हतं. मलाही भीती वाटतच होती. पण हट्ट सोडवत नव्हता. तेवढ्यात आत्याबाई पायरीवरून उठल्या.

"बिऱ्हाडाचं घोडं कवा गड्यानं धरलंय व्हय?" त्या दाजींना म्हणाल्या. "गडी मेंढरामागं. भांडी, घोंगडी, ल्योक, समदं घोड्यावर, आन घोडं बाईच्या हातात. कोकणात जाताना ह्याच उंब्रजातनं न्यायची मी. ह्योच रस्ता वलांडून. तवा बी ट्रक हुतेच." मग माझ्याकडे वळल्या. "चल. मी बसते तुज्याजवळ."

यष्टीने माघारी जाणाऱ्या आत्याबाई पुढच्या सीटवर बसल्या. पप्पा मागे पिऊजवळ. दार मात्र आत्याबाईंनी लावलं नाही. हात मांडीवर घट्ट धरून त्या बसून राहिल्या, शेवटी दाजींनी बाहेरून लावलं.

हायवेला लागताना गाडी बंद पडली. मागून ट्रकचा हॉर्न. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. पप्पा मागून "क्लच, क्लच" करत होते. आत्याबाई वळूनही न बघता म्हणाल्या, "तू गप. मदीच वरडल्यावर घोडं बुजतंय." हात मोडल्यापासून मायलेकरांत झालेलं हे पहिलं बोलणं. पप्पा गप्प झाले आणि गाडी निघाली.

कराड गेलं, कोल्हापूर गेलं. निपाणीच्या पुढे तवंदीच्या घाटात एका वळणावर कंटेनर अगदी अंगावर आला. त्याची चाकं माझ्या खिडकीच्या उंचीची दिसत होती. पिऊला नेमकी तेव्हाच उलटी झाली. माझे डोळे त्या चाकांवरून हटेनात आणि गाडी तिकडेच ओढली जाऊ लागली. "त्याच्याकडं बघू नगं," आत्याबाई अगदी हळू म्हणाल्या. "जिथं जायाचं हाय तिथं बघ." मी रस्त्याकडे बघितलं. कंटेनर निघून गेला. घाट संपल्यावर गाडी कडेला घेतली आणि पिऊचं तोंड धुवून दिलं.

बेळगावच्या पुढे एका ढाब्याबाहेर अक्कांचा डबा उघडला. पप्पांना डाव्या हाताने भाकरी मोडता येईना. दोनदा तुकडा खाली पडला. आत्याबाईंनी ताट स्वतःकडे ओढलं, भाकरी कुस्करली, घास त्यांच्या तोंडाशी नेला. पप्पांनी तोंड फिरवलं. घास तसाच धरलेला. मग पप्पांचेच डोळे भरून आले आणि त्यांनी तो खाल्ला. ढाब्यावरची माणसं बघत होती, पण दोघांनाही त्याचं काही नव्हतं. मला त्या क्षणी दोघांचीही फार माया वाटली.

वाटेत मुक्काम करत, चुकत, विचारत आम्ही सेलमला पोचलो. पिऊच्या पप्पांच्या एका बोटाला अजून बाक आहे, सोनं वितळवायची मूस चिमट्यात धरताना तो दिसतो. पिऊ शेजारच्या पोरींशी तमिळमध्ये भांडते. आत्याबाई भाजीवाल्याला "तक्काळी" म्हणून टोमॅटो मागतात आणि पुढचा सगळा भाव आपल्या बोलीत करतात. त्याला कळतं म्हणे. गाडी मी चालवते.

तुम्ही फोनवर विचारता, तिकडं करमतं का, घर आठवतं का. आठवतं. जत्रेच्या दिवसांत दुपारी अगदी काही सुचत नाही. आई अजूनही प्रत्येक फोनला "पोचलीस का?" असंच विचारते, जणू मी त्या दिवसापासून रस्त्यावरच आहे. कधी कधी वाटतं, तिचंच बरोबर असेल.

पण रोज संध्याकाळी खालचं दुकान बंद करून पप्पा जिना चढून वर येतात. आत्याबाई दारात उभ्या असतात. त्या दाराला हात लावतात, थांबतात आणि घरात बघून विचारतात, "समदी आत हाय का?" वाडीत मी इतकी वर्षं कडी लावली, तेव्हा एक माणूस कायम बाहेर असायचं. इथे मी म्हणते, "हाय, आत्याबाई." मग त्या दार लावतात, अजिबात आवाज न करता.