मिसिसिपीला दिलेला नारळ

चिन्मय, ईरा, मी फ्रान्स पाहिलेला नाही. त्याच्या बदली मला मिनियापोलिस दाखवण्यात आले.

फ्रान्समधल्या अविन्यों शहरात एक जुना दगडी पूल आहे. तो नदीच्या मध्येच संपतो. शाळेतल्या पुस्तकात त्याचे चित्र पाहिल्यापासून मला तिथे जायचे होते. २००२ साली मी अमेरिकेत तुमच्याकडे, मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीला आले, तेव्हा फ्रान्सची तिकिटेही काढली होती. तेवढ्यात तुमच्या बाबांच्या ऑफिसात माणसे कमी करायला सुरुवात झाली.

“ट्रिप कॅन्सल केली, आई,” मिलिंदराव म्हणाले. “आपण बाहेर असताना जॉब गेला, तर व्हिसाही गेला. मग परत आत कोण घेणार?”

त्यांचा चेहरा पाहून मी फ्रान्सचे नाव टाकले. माझे समाधान म्हणून त्यांनी मला मिसिसिपीवरचा जुना दगडी पूल दाखवायला नेले.

“हा तर पूर्ण आहे!” मी म्हणाले. (तक्रार नव्हती, निरीक्षण होते.)

मी इंग्रजीची एम.ए. नवसबिवस मानत नाही. पण तुमच्या आईला, केतकीला, सातवा महिना होता (म्हणजे तू, चिन्मय) आणि घरातली एकुलती एक नोकरी डळमळत होती. मी पिशवीतून खणात बांधलेला नारळ काढला.

“आई, हे काय?” केतकी दचकली.

“नदीची ओटी भरतेय. मिलिंदरावांच्या नोकरीसाठी नारळ देते.”

“नारळ?” मिलिंदराव ओरडले. “अहो आई, ऑफिसात सगळ्यांना तोच मिळतोय!”

भाषा शिकलेल्या बाईला हा अर्थ आधी सुचायला हवा होता. सुचला, तेव्हा हात मोकळा झाला होता!

नारळ खाली एका नावेपासून हातभर अंतरावर पडला. नावेतली दोन मुले ओरडली. मी नमस्कार केला. त्यांनी नाव काठाला लावली आणि त्यातला एक धापा टाकत वर आला. खणासकट ओला नारळ त्याने नेमका मिलिंदरावांच्याच हातात ठेवला.

“सर, युअर मदर ड्रॉप्ड धिस!”

केतकीने तो ओला नारळ गाडीत ठेवला आणि आम्ही घरी आलो.

सोमवारी ऑफिसात नावे कळणार होती. मी देवापुढे बसले, ती मिलिंदरावांचा फोन येईपर्यंत उठले नाही.

“वाचलो, आई. शेजारच्या टेबलांवरच्या दोघांना मिळाला.”

त्या दोघांची मुलेही लहान होती. मी गोड काही केले नाही.

तू दोन महिन्यांचा झालास आणि मी परत निघाले. केतकीने दारात मला कुंकू लावून ओटी भरली. ओटीत तोच खण आणि तोच नारळ, आता आत खडखडणारा.

मिलिंदरावांची नोकरी टिकली. त्या घरातून नारळ मिळाला, तो एकट्या मला!