यू यू म्हणायचं नाही

आमची कुत्री माणसांच्या बाबतीत अगदी गाय आहे. हायवेवरच्या एका ढाब्यामागे ट्रकचा धक्का लागून पडली होती, तिथून मी तिला उचलून लाखनीला घरी आणलं. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय चाटते. पण दुसरं कुत्रं दिसलं की तिच्या अंगात येतं. शेजारच्या काकूंचा कुत्रा म्हातारा, त्यात लंगडा. आल्या आल्याच तिने त्याचा कान फाडला.

काकू रक्ताचा फडका हातात घेऊन आमच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. "अजून एकदा चावली न, त पूर्ण मोहल्ला जमा करीन. जंगलात नेऊन सोडा लागन तुले हिले."

मला राग आला, आणि भीतीही वाटली. काकू बोलतात ते करतात.

अड्याळच्या बाजारातून वासराला बांधतात तसलं सुतळीचं मुसकं आणलं. ते घालून कुत्रीला फिरवायला निघाले, तर काकू ओट्यावरून म्हणाल्या, "काहून वो, कुत्रीले मुसकं? कोनाचं धान खाऊन राहिली ते?" सगळी गल्ली हसली. मी पट्टा मनगटाला गुंडाळून पुढे गेले.

मुसक्याने दात बंद झाले, डोकं नाही झालं. रोज संध्याकाळी ती बसल्याबसल्या ताठ व्हायची, मानेवरचे केस उभे राहायचे आणि ती दाराला धडका मारायची. समोर एकही कुत्रं नसायचं. नेमक्या त्याच वेळी काकू उरलेला भात घेऊन गल्लीतल्या कुत्र्यांना बोलवायच्या, "यू यू यू!" पण माझ्या डोक्यात काही ते आलं नाही.

मग एकदा त्याच ढाब्यावर चहाला थांबले. मागच्या दारात एकाने खरकट्याचं टोपलं उपडं केलं आणि ओरडला, "यू यू यू!" चहूकडून कुत्री धावली आणि अन्नाआधी एकमेकांच्या नरड्याला लागली. जो चावला तो जेवला. छू म्हटलं की कुत्रं अंगावर जातं आणि यू म्हटलं की जवळ येतं, असं आपण धरून चालतो. आमच्या कुत्रीला यू हेच छू होतं.

मी तडक काकूंकडे गेले आणि ढाब्यावर पाहिलेलं सगळं सांगितलं. "काकू, तेवढी हाक बदला ना."

"मी काहून बदलू? लगन होऊन आली तवापासून हेच हाक हाय माही. तू कुत्री बदल."

त्यांनी चहाही विचारला नाही. आमच्या गल्लीत याला भांडणच म्हणतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, संध्याकाळी, मुसकं काढून मी तिला पाणी पाजत होते. फाटकाची कडी नीट बसली नव्हती, आणि ती निसटली. मी धावले तोवर ती गल्लीच्या मधोमध होती. पुढ्यात, काकूंच्या ओट्याला लागून, म्हातारा कुत्रा आडवा पडलेला. ओट्यावर काकू, हातात भाताचं भगुणं, तोंड हाकेसाठी उघडलेलं.

कुत्री म्हाताऱ्याकडे बघतच नव्हती. ती काकूंच्या तोंडाकडे बघत होती. केस उभे, मागचे पाय दबलेले. आता एक यू निघाला की म्हातारा गेला, आणि त्याच्यामागे आमचीही गेली. मी होते तिथेच थांबले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग पदराचा बोळा करून तोंडावर गच्च दाबला. दुसऱ्या हाताने वाकून भगुणं म्हाताऱ्यासमोर टेकवलं, इतकं हळू की वाजलंही नाही. वास लागला तसा म्हातारा उठला आणि खाऊ लागला. आमची थरथरत उभी होती. हळूहळू मानेवरचे केस खाली बसले. मी तिच्या पट्ट्यात हात घातला, आणि तिथेच गल्लीत बसून रडले.

काकूंनी पदर काढला, दम घेतला.

"कुत्रीचं राहिलं एकीकडं," त्या म्हणाल्या, "माह्याच तोंडाले मुसकं बांधलं तुनं. चल, चहा घे."