उलटं कोरलेलं नाव

मित्रमैत्रिणींनो, वर्षभर एकेक भाग मागवत, फुकटचं सॉफ्टवेअर शिकत मी भुकूम गावातल्या भाड्याच्या खोलीत संगणकाच्या सूचनांवर लाकूड कोरणारं सीएनसी यंत्र बनवलं. आज ते पहिल्यांदा चाललं. दारावरच्या पाटीसाठी माझं नाव कोरलं, ते आरशात दिसावं तसं उलटं आलं. एका मोटरच्या तारा मी उलट जोडल्या होत्या, म्हणून ती उलट्या दिशेला फिरली.

मला हसू फुटलं. मग जाणवलं, सोबत हसायला कुणीच नाही.

आवाज ऐकून घरमालकीण काकू आल्या. "काय गं, भित पाडतीस व्हय?"

पाटी दाखवली. त्यांनी ती आरशासमोर धरली. "हितं सरळ दिसतंय की. च्या ठेव, बसते जरा."

काकू गेल्यावर तारा नीट जोडल्या. नवी पाटी सरळ निघेल. तरी ही उलटी मी जपून ठेवणार आहे. ती बघायला कुणीतरी बसलं होतं.

तुमचं काही पहिल्यांदा जमलं, तेव्हा शेजारी कोण होतं?